वाचक विचारतात : आभाराचं पत्र, पोरांच्या हातचं

मुलांकडून आभाराचं पत्र लिहून घेताना नेमकं कुठं अडतं, असं मागच्या अंकात विचारलं होतं. बहुतेक पत्रं विदर्भातल्या खेड्यांवरच्या शाळांतून आली. सारखे प्रश्न एकत्र केलेत. विचारणाऱ्यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. उत्तरांतले नमुने आम्ही तयार केलेले आहेत, कुणा मुलाच्या वहीतले नाहीत.

प्रश्न : सहावीत २८ मुलं आहेत. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना पत्र लिहायचं ठरलं. फळ्यावर नमुना दिला तर २८ पत्रं एकसारखी आली. नमुना न देता लिहायला लावलं तर अर्ध्या वह्या कोऱ्या. काय करावं?
— शिक्षिका, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

फळ्यावर आख्खं पत्र दिसलं की मुलं त्याला सुलेखनाचा पाठ समजतात. नमुना काढून घेतला की त्यांच्याकडे एकच वाक्य उरतं : 'मी आपला आभारी आहे.' आणि हे वाक्य एवढं पूर्ण आहे की त्याच्यापुढं काही सुचतच नाही. म्हणून पहिले दोन दिवस 'आभार', 'धन्यवाद' आणि 'ऋणी' हे तिन्ही शब्द वर्गात बंद करा. मुलांना ही बंदी आवडते, खेळासारखी घेतात.

तीन तासिका धरा, पण सलग नको. पहिल्या तासिकेत पेन दप्तरात. नुसतं विचारायचं : ताई शाळेत किती वाजता येतात? आल्या आल्या पहिलं काम कोणतं? तांदूळ कोण निवडतं? गरम गंज चुलीवरून कशानं धरून उतरवतात? निम्म्या प्रश्नांना वर्ग गप्प बसेल. तिथंच थांबा आणि सांगा, उद्या-परवा बघून या. प्रत्येकानं एक गोष्ट पाहून आणायची, शेजारच्यानं आणलेली चालणार नाही. 'ताई प्रेमळ आहेत' असं कुणी आणलं तर एकच विचारायचं, याचा फोटो काढता येईल का? प्रेमळपणाचा फोटो निघत नाही. ताटात वाढताना लहान पोराची खिचडी फुंकून गार करणाऱ्या ताईंचा निघतो. ही कसोटी चौथीच्या मुलालाही लगेच कळते आणि पुढं निबंधातही कामाला येते.

दुसऱ्या तासिकेला तीन प्रश्न द्या. प्रत्येकाचं उत्तर एक-दोन वाक्यांत. मी काय पाहिलं, कोणत्या दिवशी? त्यामुळं माझं काय झालं? आणि ताईंना माहीत नसेल असं मला काय सांगायचंय? पत्राचा जीव तिसऱ्या उत्तरात असतो आणि मुलं अडतातही तिथंच. अडलेल्या मुलाला लिहायला लावू नका, बोलू द्या. तो बोलत असताना तुम्ही चिठ्ठीवर फक्त नामं टिपा, म्हणजे 'फुंकणी, डोळे, खिडकी' एवढंच. वाक्य तुम्ही लिहून दिलं की पुन्हा फळाच झाला.

तिसऱ्या तासिकेला ही तीन उत्तरं पत्रात बसवायची. आता बंद केलेले शब्द उघडा, पण पत्रात एकदाच आणि तेही शेवटाकडे.

फरक बघा. फळ्यावरचं पत्र साधारण असं असतं :

'आदरणीय ताई, आपण आम्हाला दररोज रुचकर व पौष्टिक भोजन देता. आपले हे उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाही. त्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार.'

हे पत्र ताईंना सोडून एखाद्या खानावळवाल्याला पाठवलं तरी एक शब्द बदलावा लागत नाही. आता तीन प्रश्नांतून आलेलं :

'ताई, मंगळवारी सिलिंडर संपलं होतं आणि पऱ्हाट्या ओल्या होत्या. तुम्ही फुंकणीनं फुंकत होत्या तेव्हा तुमचे डोळे लाल झाले. खिचडी उशिरा झाली, पण गरम होती. मी दोनदा घेतली. गंजाच्या बुडाला लागलेली तुम्ही स्वतःच्या ताटात घेतली, ते मी खिडकीतून पाहिलं. मी घरी मायला सांगितलं.'

पऱ्हाट्या म्हणजे जळणाला वापरतात त्या कपाशीच्या काड्या. सहा वाक्यं, विशेषण म्हणावं तर 'ओल्या', 'लाल' आणि 'गरम'. यात 'आभार' हा शब्दच नाही. मुलाला घालावासा वाटला तर घालू द्या, आम्ही आग्रह धरणार नाही. तिसरी-चौथीला चार-पाच वाक्यं पुरेत, पाचवी ते सातवीला सहा ते आठ, आठवीच्या पुढं अर्धं पान. पान भरायला सांगितलं की पाणी वाढतं.

एक धोका आधीच सांगून ठेवतो. एखाद्या पत्रात रडू आलं आणि तुम्ही ते वर्गात वाचून शाबासकी दिली, की पुढच्या खेपेला दहा पत्रांत अश्रू येतात. वाचून दाखवायचंच असेल तर हसवणारंही एक वाचा. ताईंच्या पळीचा आवाज ऐकून घंटा व्हायच्या आधीच रांगेत उभी राहणारी मुलं हाही आभाराचाच मजकूर आहे.

प्रश्न : 'मले दप्तर भेटलं' असं मुलं लिहितात. तसंच जाऊ द्यावं की लाल पेन चालवावा?
— शिक्षक, दर्यापूर तालुका, जि. अमरावती

पक्क्या प्रतीवर लाल पेन कधीच नको. कच्च्या प्रतीवर शिसपेन, आणि तीही चार ठिकाणीच : घेणाऱ्याचं नाव, तारीख, पत्ता आणि ज्या चुकीनं अर्थच उलटतो ती चूक. बाकी ऱ्हस्व-दीर्घ त्या दिवशी राहू द्या. ज्या मुलाचं पत्र लाल होऊन परत येतं, ते मूल पुढच्या वेळी 'आपला आभारी आहे' एवढंच लिहितं, कारण त्या वाक्याचं शुद्धलेखन त्याला पाठ असतं. कोऱ्या आणि एकसारख्या वह्यांचं निम्मं कारण हे आहे.

बोलीचा निर्णय पत्र कुणाला जातंय यावर करा. गावातल्या आशाताईंना किंवा लाइनमनला पत्र असेल तर वऱ्हाडी खुशाल राहू द्या. त्यांना तीच जवळची. पुण्या-मुंबईच्या माणसाला पत्र असेल तर कथन प्रमाण मराठीत घ्या आणि कुणाचं बोलणं आलं तर ते जसंच्या तसं अवतरणात ठेवा. 'माय म्हणे, आता काऊन रडतं बाप्पा?' हे वाक्य सुधारायला गेलात तर त्यातली मायच निघून जाते. वरच्या नमुन्यातलं 'फुंकत होत्या' आम्ही याच हिशेबानं ठेवलंय. पुस्तकात 'फुंकत होतात' असतं.

'भेटणं' आणि 'मिळणं' याचा पाठ वेगळा घ्या, पत्राच्या दिवशी नको. भिंतीवर दोन रकान्यांचा तक्ता लावा : मले–मला, कराले–करायला, डोया–डोळा, भेटलं–मिळालं. वर 'चूक' आणि 'बरोबर' असं लिहू नका. 'घरी' आणि 'पेपरात' असं लिहा.

धारणी-चिखलदऱ्याकडच्या एका शिक्षकांनी कोरकू बोलणाऱ्या मुलांबद्दल हेच विचारलंय. पाहिलेली गोष्ट मुलानं आधी आपल्या भाषेत जोडीदाराला सांगायची, मगच मराठीत लिहायची. थेट मराठीतून विचार करायला लावलं की मुलं येणाऱ्या शब्दांपुरतंच पाहिल्याचं सांगतात. एखाद्या शब्दाला मराठी जोड नसेल तर तो देवनागरीत तसाच राहू द्या. गोंडी, माडिया, कोलामीलाही हेच लागू.

प्रश्न : एका संस्थेनं शाळेला ४० दप्तरं दिली. दोन दिवसांत प्रत्येक मुलाचं आभारपत्र, दप्तर हातात धरलेल्या फोटोसह हवं, असा निरोप आलाय. मुलं काय लिहिणार?
— मुख्याध्यापक, राळेगाव तालुका, जि. यवतमाळ

दोन दिवसांत खरं पत्र येणं शक्य नाही, कारण दप्तरानं अजून काही केलेलंच नाही. पंधरा दिवस मागून घ्या. 'वस्तू मिळाल्या' याची पोच शाळेच्या लेटरहेडवर तुम्ही आजच पाठवा : किती नग, कोणत्या तारखेला, कुणाच्या सहीनं घेतले. संस्थेला हिशेबासाठी बहुधा तेवढंच हवं असतं. पोच हे कार्यालयाचं काम, पत्र हे मुलाचं. घोटाळा होतो तो दोन्ही एकाच कागदावर मागितल्यानं.

पंधरा दिवसांनी लिहायला मजकूर असतो. पावसात येताना आतली वही कोरडी राहिली का? बाजूच्या कप्प्यात बाटली बसते का? आधी पुस्तकं कशात आणायचो? कुणी लिहील, 'पयले खताच्या पिशवीत आणत होतो, ती आता आजीनं वाळवणाला घेतली.' असं एक वाक्य देणाऱ्याला ४० फोटोंपेक्षा जास्त सांगून जातं.

चार गोष्टी मात्र अडवा. 'आम्ही गरीब मुलं' अशी सुरुवात. देणाऱ्याला ती आवडेल असं मोठ्यांना वाटतं, म्हणून मुलांच्या तोंडी घातली जाते. मूल स्वतःहून असं लिहीत नाही. दुसरं, शेवटी मागणी : 'पुढच्या वर्षी बूट द्यावेत ही विनंती.' आभाराच्या पत्रात मागणी आली की आधीची सगळी वाक्यं प्रस्तावना वाटू लागतात. शाळेची खरंच गरज असेल तर ती तुम्ही वेगळ्या पत्रात, महिन्याभरानं मांडा. तिसरं, सक्ती. चाळीसांपैकी पंधरा मुलांना लिहावंसं वाटलं तर पंधराच पत्रं पाठवा. चौथं, चेहऱ्याचे फोटो. पालकांना विचारल्याशिवाय ते बाहेर देऊ नका. व्हरांड्यात ओळीनं लटकवलेल्या दप्तरांचा फोटोही पुरतो. मुलाचं पहिलं नाव आणि इयत्ता एवढंच पत्रावर असू द्या, घरचा पत्ता किंवा मोबाइल नंबर नको.

आणि दप्तराची चेन आठवड्यात तुटली असेल तर? मुलाला खोटं लिहायला लावू नका. चेनची गोष्ट तुमच्या पत्रात कळवा, मुलानं जे चांगलं पाहिलं तेवढं त्यानं लिहावं.

प्रश्न : मुलीला शाळेत 'बाबांचे आभार माना' असं पत्र लिहायला दिलं. आमच्याकडं घरच्या माणसाचे कुणी आभार मानत नाही. हे परकं वाटत नाही का?
— पालक, चिखली तालुका, जि. बुलढाणा

वाटतं, आणि तुमचं म्हणणं रास्त आहे. मुलीनं बापाला 'धन्यवाद' म्हटलं तर बाप विचारेल, 'आज काय झालं हिले?' पण आभार मानायची रीत आपल्याकडं नाही, असं मात्र नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-तुपानं चोळून शेकतात आणि त्याला म्हणतात, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' त्यात आभाराचा शब्द कुठंय? वर्षभर जू ओढलेला खांदा नेमका ओळखून तिथंच हात ठेवला जातो. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन आलेल्या पोराच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे, ठेवतात, तेव्हाही कुणी भाषण करत नाही.

घरच्या माणसाला लिहिताना हीच रीत कागदावर घ्यायची. शिक्षकांनी विषय 'बाबांचे आभार' असा न देता 'बाबांचं मी पाहिलेलं एक काम' असा द्यावा. मुलगी लिहील, 'कापूस वेचून आल्यावर तुमच्या बोटांना चिरा पडल्या होत्या, तरी तुम्ही माझ्या वहीला कव्हर घातलं.' एवढ्यावर थांबली तरी बाबांना पोचतं. पत्र वाचून दाखवायची सक्ती नको. उशीखाली ठेवलं तरी चालेल, डब्यात ठेवलं तरी चालेल.

प्रश्न : मायना काय लिहावा? तीर्थरूप कुणाला, तीर्थस्वरूप कुणाला?
— शिक्षिका, मोर्शी तालुका, जि. अमरावती

तीर्थरूप आई-वडील आणि आजी-आजोबांना. तीर्थस्वरूप इतर वडीलधाऱ्यांना, म्हणजे काका-मामा, गुरुजी. 'शि. सा. न.' म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार, 'सा. न. वि. वि.' म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. मुलांना हे माहीत असावं, वापरलंच पाहिजे असं नाही. आभाराच्या पत्रात एकच नियम पाळा : मूल त्या माणसाला तोंडानं जी हाक मारतं तीच वर लिहायची. रोज 'ताई' म्हणणारं मूल कागदावर 'आदरणीय महोदया' लिहितं, तेव्हा पुढचं सगळं पत्रही कुणा महोदयेलाच जातं. ओळख नसलेल्या माणसाला 'नमस्कार' पुरे.

प्रश्न : दुसरीच्या मुलांकडून लिहून घ्यावं का? आणि ज्यांना पत्र द्यायचं त्या मावशींनाच वाचता येत नसेल तर?
— शिक्षक, कुरखेडा तालुका, जि. गडचिरोली

दुसरीला एक चित्र आणि त्याखाली एक वाक्य. वाक्य मुलानं सांगायचं, तुम्ही शिसपेनीनं फिकट लिहायचं, त्यानं वरून गिरवायचं. चित्रात फुलं आणि सूर्य येतील. विचारा, 'मावशीचा झाडू कुठं?'

वाचता येत नसेल तर पत्र वाचूनच द्यायचं. लिहिणाऱ्या मुलानं, जवळ बसून, बाकी वर्ग नसताना. सगळ्यांसमोर वाचलं की माणूस अवघडतो आणि मूल भरभर वाचून मोकळं होतं. वाचून झाल्यावर कागद हातात द्या, घरी नातवाकडून पुन्हा वाचून घेतला जातो. वाक्यं छोटी ठेवा. ऐकताना लांब वाक्याचं टोक हातातून सुटतं.

प्रश्न : मी दहावीत आहे. गणिताच्या सरांची बदली झाली. त्यांना पत्र लिहिलं, पण ते परीक्षेतल्यासारखं झालं.
— विद्यार्थिनी, साकोली तालुका, जि. भंडारा

उपयोजित लेखनातलं पत्र आराखड्याला मार्क मिळवून देतं, म्हणून हात तिकडेच वळतो. 'विषय' ही ओळ काढून टाक. 'आपण दिलेले मोलाचे मार्गदर्शन' हे शब्दही काढ आणि त्या जागी कोणतं गणित, ते लिही. समजा, वर्गसमीकरणात मधल्या पदाची फोड तुला जमत नव्हती. x² + ५x + ६ मध्ये गुणाकार ६ आणि बेरीज ५ येणारे दोन आकडे शोधायचे, हे सरांनी कशावर दाखवलं? खडूचे तुकडे मांडून? तू किती वेळा चुकलीस? कितव्या वेळी जमलं? शिक्षकाला आपण शिकवलेलं पुढं कुठं गेलं हे सहसा कळत नाही. म्हणून शेवटी आजची एक गोष्ट सांग : आता तू ते लहान बहिणीला शिकवतेस, किंवा अजूनही चिन्हात चुकतेस. दोन्ही चालेल. त्यांच्यावाचून वर्ग कसा ओस पडलाय, हे मात्र एका वाक्याच्या वर नको. नव्या सरांच्याही हाती ते पत्र लागू शकतं.

प्रश्न : पत्रं टपालानं पाठवावीत की मोबाइलवर फोटो काढून? आणि एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरचं नावच माहीत नसेल तर पत्ता काय लिहायचा?
— शिक्षिका, मंगरूळपीर तालुका, जि. वाशीम

फोटो त्याच दिवशी पोचतो आणि दुसऱ्या दिवशी शंभर 'सुप्रभात'खाली जातो. टपाल महाग नाही. पोस्टकार्ड ५० पैशांना मिळतं. मागच्या पूर्ण बाजूवर आणि पत्त्याच्या बाजूच्या डाव्या अर्ध्या भागावर लिहिता येतं. उजवा अर्धा पत्त्यासाठी मोकळा सोडायचा. मोठ्या अक्षरात आठ-नऊ ओळी बसतात, म्हणजे सहावीच्या पत्राचं हेच माप. कार्ड उघडं जातं, वाटेत कुणीही वाचू शकतं, हे मुलांना आधी सांगा. घरगुती मजकूर असेल तर पाकीट घ्या. २० ग्रॅमपर्यंत ५ रुपयांचं पाकीट चालतं, त्यात साधे तीन कागद बसतात. २८ पत्रं एकाच पाकिटात कोंबायची असतील तर पोस्टात वजन करून घ्या. तिकीट कमी पडलं तर राहिलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून वसूल होतात, आणि आभाराच्या पत्रानं असं करणं बरं दिसत नाही.

पत्ता मुलांनीच लिहावा. नाव, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, शेवटी सहा आकडी पिन. गाव आणि पोस्ट वेगळं असतं तिथंच मुलं चुकतात. विदर्भातले पिन ४४ नं सुरू होतात, त्यामुळं ४३ दिसलं तर पुन्हा तपासा. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. योजना श्रीराम भिकाजी वेलणकरांची. ते टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवीही होते. पाठाच्या मधे सांगायला बरं आहे.

ड्रायव्हर-कंडक्टरसाठी पत्र गाडी ज्या आगाराची आहे तिथल्या आगार व्यवस्थापकांच्या पत्त्यावर पाठवा. वर छोटी चिठ्ठी जोडा आणि तीत तारीख, गाडी कुठून कुठं, सुटायची वेळ, कोणत्या थांब्यावरची मुलं, आणि जमल्यास गाडीचा नंबर लिहा. मुलींसाठीची मानव विकासची निळी बस असेल तर तेही लिहा. ड्युटीच्या नोंदीवरून त्या दिवशी गाडीवर कोण होतं ते काढता येतं. 'रोजचे कंडक्टर काका' एवढ्यावर काढता येत नाही, कारण रोजचे काका आठवड्यात बदलतात.